गुळव्या गोड खात नाही

बसा मंडळी, नीट बसा. ज्यांना मांडी घालवत नाही त्यांनी खुशाल पाय पसरा. देव रागावत नाही, आणि आज आपल्याला पायाचीच गोष्ट ऐकायची आहे.

पण आधी एक प्रश्न. ऐकायला सोपा, उत्तराला जड. ज्याच्या तोंडून आयुष्यात खोटा शब्द निघाला नाही, असा माणूस स्वतःला फसवू शकतो का? गळ्यात माळ आहे, नियमानं देवळात जातो, दुसऱ्याच्या उसाचं कांडं न विचारता तोडत नाही. असा माणूस, आणि रोज स्वतःलाच फसवतो. होईल असं? आणि होत असेल तर त्याला त्यातून बाहेर काढायचं कुणी? उपदेश करणाऱ्यानं? अहो, उपदेश करणारे आमच्यासारखे गल्लोगल्ली आहेत. त्यानं काम झालं असतं तर आज निम्मं गाव संत असतं!

ऐका तर मग.

पन्हाळ्याच्या अंगाला एक वाडी आहे. दिवाळी सरली की त्या वाडीला वास सुटतो. कसला? गुऱ्हाळाचा. चरकातून उसाचा रस निघतो आणि काहिलीत पडतो. काहिल म्हणजे लोखंडी कढईच, पण एवढी मोठी की चार जण आत बसून पत्ते खेळतील. खाली चुलवाण धडधडतंय, वर रस उकळतोय, मळी काढली जातेय, रस दाट होतोय – आणि मग एक क्षण येतो. त्या क्षणाला काहिल उतरवली तर गूळ सोन्यासारखा. मिनिटभर आधी उतरवली तर तो बसत नाही. मिनिटभर उशीर झाला तर करपून काळा. तो क्षण ज्याला कळतो, तो गुळव्या.

वाडीचा गुळव्या हिंदुराव खोत. वय एकसष्ट. चाळीस हंगाम त्यानं काहिलीजवळ उभं राहून काढले. उभं राहून बरं का! चुलवाण पेटलेलं असताना गुळव्यानं बसायचं नाही, असा तिथला रिवाज. पाक होत आला की हिंदुराव पळीनं थेंबभर पाक गार पाण्यात सोडणार, बोटांनी त्याची गोळी वळणार, गोळी काहिलीच्या काठावर आपटणार, कान देणार. मग म्हणणार, "थांबा," नाहीतर म्हणणार, "उतरवा." आणि गोळी जाणार तोंडात. ह्याला म्हणतात चाचणी. हिंदुराव "उतरवा" म्हणाला की मालकसुद्धा "जरा थांबू या का" असं म्हणत नसे.

आता ह्या हिंदुरावाला आठ वर्षांपासून साखरेचा आजार. गावच्या डॉक्टरांनी विचारलं, "गोड खाता का?"

हिंदुराव म्हणाला, "न्हाई. चा बिनसाखरेचा. सणाला पुरणपोळी केली तर मी भाकरी खातो. बायकोला इचारा."

बायको आक्काताई म्हणाली, "खरं हाय. गेल्या दिवाळीत लाडवाकडं बघितलंबी न्हाई त्यांनी."

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर तीनशे. गोळ्या वाढवल्या. दोन महिन्यांनी पुन्हा तीनशे. पुन्हा गोळ्या वाढवल्या. सांगा मंडळी, डॉक्टरांचं काय चुकलं? समोरचा माणूस सज्जन, बोलतो खरं, कागदावर आकडा तीनशे. बाहेर चाळीस पेशंट खोळंबलेले. डॉक्टर दुसरं काय करणार?

त्यात ह्या हंगामाच्या तोंडाला काय झालं? चुलवाणातला निखारा उडून उजव्या अंगठ्याखाली चपलेत शिरला आणि हिंदुरावाला कळलंच नाही. ह्या आजारात पायाची जाणीव जाते, निखारासुद्धा सांगत नाही की मी आलोय. चप्पल जळाल्याचा वास आला तेव्हा त्यानं खाली बघितलं. हळद दाबली, धोतराची चिंधी गुंडाळली, पुन्हा कामाला लागला. महिनाभरात जखम रुपयाएवढी झाली.

गावच्या डॉक्टरांनी चिंधी सोडली आणि कपाळाला आठी घातली. म्हणाले, "शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जा. उशीर केलात तर पाय ठेवता येणार नाही."

पाय ठेवता येणार नाही. हे वाक्य हिंदुरावानं आधीही ऐकलं होतं, मेव्हण्याच्या वेळी. मेव्हणा दोन पायांवर चालत गेला होता आणि महिन्यानं रिक्षातून परत आला होता. त्याच्या लेंग्याची एक बाजू वर दुमडून पिन लावलेली. ती पिन हिंदुरावाच्या डोळ्यांसमोरून जाईना.

तरी तो गेला. दोनदा गेला. पहिल्यांदा दोन तास रांगेत उभा राहिला. खिडकीशी पोचल्यावर कळलं, रांग हाडांची. दुसऱ्यांदा बरोबर रांगेत लागला, तर कळलं की पायांचे डॉक्टर फक्त बुधवारी बसतात आणि आज सोमवार. परत येताना एसटीत तो आक्काताईला म्हणाला, "देवाच्याच मनात न्हाई."

आक्काताई म्हणाली, "देवाच्या मनाचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या मनात हाय का?"

हिंदुराव खिडकीबाहेर बघत बसला. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं होतं. तुम्ही हसताय, पण दवाखाना बंद दिसल्यावर तुम्हाला कधी हायसं वाटलं नाही? हात वर करा बघू. एकही नाही. बरं.

मग गावच्या डॉक्टरांनीच एक मुलगी धाडली. रेश्मा मुल्लाणी. शेजारच्या गावची, बीएस्सी झालेली. एका संस्थेनं तिला तालुक्यात 'आरोग्यसोबती' म्हणून नेमलं होतं.

आक्काताईनं दारातच विचारलं, "तू डॉक्टर हाईस?"

"नाही मामी."

"नर्स?"

"नाही."

"औषध देतीस?"

"नाही."

"मग करतीस काय?"

रेश्मा म्हणाली, "विचारते. ऐकते. आणि जिथं जायला अवघड वाटतं तिथं बरोबर येते."

"एवढ्यासाठी बीएस्सी केलीस?" असं म्हणून आक्काताईनं तिला चहा दिला. साखर घालून. घरात चोरून ठेवलेली साखर होती, हे हिंदुरावाला त्या दिवशी समजलं.

रेश्मानं पहिला प्रश्न विचारला. साखर किती, असं नाही. गोळ्या घेता का, असंही नाही. ती म्हणाली, "मामा, तुम्हाला काय हवंय?"

आठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. हिंदुरावानं बराच वेळ डोईवरचा पटका सारखा केला. मग म्हणाला, "काहिलीजवळ उभं ऱ्हायचं हाय. माझ्या पायांवर. दोन्ही."

तिनं तेच वहीत लिहिलं, जसंच्या तसं. मग साखर तपासायचं छोटं यंत्र आक्काताईला शिकवलं. रोज दुपारी बोटाचा थेंब, आकडा वहीत. आक्काताई सातवी शिकलेली. आकडे कसे लिहायची! तांदूळ मांडल्यासारखे.

दोन आठवड्यांनी रेश्मा आली. वही उघडली आणि आकड्यांवरून बोट फिरवू लागली. तीनशे दहा, दोनशे नव्वद, तीनशे पाच… आणि मधेच अठ्ठावन्न. पुन्हा तीनशे, तीनशे… आणि पुन्हा एकसष्ट.

"मामी, हे दोन आकडे चुकून लिहिलेत का?"

"चुकून कशाला लिहीन? त्या दिवशी त्यांचं हातपाय थरथरत होतं. घामानं बंडी भिजली. गुरवारी हुतंच तसं."

"दर गुरुवारी?"

हिंदुराव म्हणाला, "गुरवारी लाईट नसती. चरक बंद. गुऱ्हाळ बंद. घरात बसलं की मला बरं वाटत न्हाई, पोरी. मग मी चालत गुऱ्हाळावर जातो, कालच्या ढेपेचा कोपरा काढून बघतो, बसला का न्हाई ते. जरा वेळ थांबतो. की झालं, चांगला हुतो. माझा जीव त्या काहिलीत हाय, दुसरं काय न्हाई."

ऐकलंत? आता मृदंगवाले बुवा गालात हसतायत, त्यांना कळलं. रेश्मालाही शंका आली. पण ती पटकन बोलली नाही. अर्धवट कळलेलं बोलून टाकायचा मोह फार मोठा, मंडळी. आम्हा कीर्तनकारांचं तर पोटच त्यावर चालतं. ती एवढंच म्हणाली, "मामा, मी उद्या दिवसभर गुऱ्हाळावर बसू का? गूळ कसा करतात ते मला बघायचंय."

गुळव्याला याहून मोठा मान कोणता? हिंदुरावानं तिच्यासाठी स्वतः पोतं झटकून अंथरलं.

ती सकाळी आली आणि संध्याकाळी उठली. दिवसभरात सात आदणं उतरली. आदण म्हणजे काहिलीची एक खेप. ती विचारत होती, हिंदुराव सांगत होता, आणि ती वहीत रेघा ओढत होती. जाताना तिनं चाचणीच्या दहा गोळ्या मागून घेतल्या, कागदाच्या पुडीत बांधल्या आणि सोनाराकडे गेली. एवढं बारीक वजन वाडीत दुसरीकडे कुठे होणार?

सोनारानं पुडी सोडली. म्हणाला, "हे कितीचं सोनं म्हणायचं?"

रेश्मा म्हणाली, "काका, ह्यावर एक पाय अवलंबून आहे. नीट तोला."

दहा गोळ्यांचं वजन भरलं पाच तोळे, जुन्या मापानं अठ्ठावन्न ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी ती हिंदुरावाच्या ओट्यावर बसली. "मामा, काल तुम्ही गोड काय खाल्लंत?"

"काय न्हाई."

"काल गोळ्या किती वळल्यात?"

"त्या कुणी मोजतं व्हय?"

"मी मोजल्या. पस्तीस. तोंडात किती गेल्या?"

हिंदुराव हसला. "अगं पोरी, ती चाचणी. ते खाणं न्हवं, ते काम हाय. निर्जळी उपास असला तरी गुळव्याला चाचणीची गोळी चालती. माझा बा घेत हुता, त्याचा बा घेत हुता. जिभेबिगर गूळ कळत न्हाई."

आणि तो खरं बोलत होता! त्याच्या हिशेबी ते खाणं नव्हतंच. सुतार भुसा खातो का? कासार काच खातो का? नाकातोंडात जात असेल, पण त्याला कुणी जेवण म्हणत नाही. तसंच हे.

रेश्मा म्हणाली, "पस्तीस गोळ्यांचं वजन दोनशे ग्रॅम होतं, मामा. रोजचा पाव किलोला थोडा कमी गूळ."

आक्काताईच्या हातातलं सूप खाली आलं. "पाव किलो?"

"गुऱ्हाळ चालू असलं की साखर तीनशे. त्या तीनशेवर औषधाच्या गोळ्या वाढत गेल्या. गुरुवारी गूळ नाही, पण गोळ्या तेवढ्याच. म्हणून साखर खाली जाते आणि हातपाय थरथरतात. ढेपेचा कोपरा खाल्ला की बरं वाटतं. काहिलीत जीव वगैरे काही नाही मामा, आधी औषधाच्या गोळीचा जोर आणि मग गुळाचा."

हिंदुराव अडून बसला. "मग काय, चाचणी सोडू? काम सोडू?"

तेव्हा तिनं वहीचं पान त्याच्यापुढे धरलं. "मी आणखी एक गोष्ट लिहिली. तुम्ही 'थांबा' किंवा 'उतरवा' कधी म्हणता, आणि गोळी तोंडात कधी जाते. बघा. पस्तीसच्या पस्तीस वेळा आधी हुकूम झाला, गोळी नंतर तोंडात गेली. निर्णय बोटांनी घेतला, कानांनी घेतला. जिभेला कुणी विचारलंच नाही."

हिंदुराव उजव्या हाताची बोटं एकमेकांवर चोळत राहिला, गोळी वळल्यासारखी. चाळीस हंगाम त्याच्या डोळ्यांसमोरून गेले असतील. थेंब पाण्यात, गोळी, काठावर टण् असा आवाज… उतरवा. आणि मग?

"मग ते काम न्हवतं," तो म्हणाला. "ते खाणंच हुतं."

आता बघा, सज्जन माणसाची गंमत. चूक दिसेपर्यंत हटणार नाही, आणि दिसली की घर जाळायला निघणार. ताडकन उठला. "आजपासनं बंद. एक गोळी तोंडात घालणार न्हाई. माळेवर हात ठेवून सांगतो."

आक्काताईनं देवाला हात जोडले. आणि रेश्मा काय म्हणाली? म्हणाली, "मामा, आज बंद करू नका."

आक्काताई म्हणाली, "ऐकलंत? आरोग्यवाली म्हणती, गूळ खावा!"

"मामी, गोळ्या तीनशेच्या हिशेबानं दिल्यात. गूळ आज एकदम तोडला तर रोजच गुरुवार होईल. चक्कर येऊन मामा काहिलीत पडतील. आधी डॉक्टरांना सगळं सांगायचं, ते औषध बसवतील, मग गूळ सुटेल. गोळ्या कमी-जास्त करणं माझं काम नाही. मी आजच वहीची पानं गावच्या डॉक्टरांना दाखवते. आणि परवा बुधवार आहे. आपण पायांच्या डॉक्टरांकडे जायचंय. तिघं."

मंडळी, त्याग करायचा तर तोही वेळेवर, विचारून. नाहीतर त्यागच माणसाला खातो.

गावच्या डॉक्टरांनी वही दोनदा वाचली, कपाळावर हात मारला आणि त्याच दिवशी औषधाच्या गोळ्या कमी केल्या. गूळ कसा आणि किती दिवसांत सोडायचा, ते कागदावर लिहून दिलं.

बुधवार उजाडला. एसटीत रेश्मानं एक कोरा कागद काढला. "डॉक्टरांना काय विचारायचं ते तुम्ही सांगा, मी लिहिते. आत मी बोलणार नाही. पाय तुमचा, प्रश्न तुमचा."

दवाखान्यात ती पुढे, हे दोघं मागे. कुठली खिडकी, कुठला मजला, कुठला कागद आधी आणि कुठला नंतर, तिला सगळं पाठ. ज्या दारापाशी हिंदुराव दोनदा हरवला होता, त्या दारातून तो पाव तासात आत गेला.

डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, सळई लावून खोली मोजली, फोटो काढला. हिंदुरावानं कागद काढला. हात थरथरत होता, आणि तो काही गुरुवार नव्हता. कागदावर एकच ओळ होती. ती त्यानं वाचून दाखवली.

"माझा पाय ऱ्हाईल का? आन् ऱ्हायचा आसंल तर मी काय करायचं?"

बाईंनी फोटो उजेडाला धरला. "हाड शाबूत आहे. जखम हाडापर्यंत गेली नाही. राहील. पण दोन गोष्टी. साखर उतरली पाहिजे आणि ह्या पायावर दोन महिने भार नको. उभं राहायचं नाही."

पहिली गोष्ट जमण्यासारखी. पण दुसरी? ऐन हंगामात, गुळव्यानं, उभं राहायचं नाही? परतीच्या एसटीत हिंदुराव म्हणाला, "पेटल्या चुलवाणावर बसलेला गुळव्या मी ऐकलेला न्हाई."

कुणी दुसरी असती तर म्हणाली असती, 'मामा, रिवाज मोठा की पाय मोठा?' झालं असतं भांडण. रेश्मा म्हणाली, "मामा, गुळव्या उभाच का राहतो?"

"का म्हंजे? बसलं तर काहिलीच्या तळापतुर नजर जात न्हाई. बुडबुडा दिसत न्हाई."

"म्हणजे हवी आहे ती उंची. पाय नव्हे."

हिंदुरावानं तिच्याकडे बघितलं. मग आक्काताईकडे बघितलं. मग आपल्याशीच म्हणाला, "आपल्या बाबू वेल्डरकडं जुन्या ट्रॅक्टरची बसायची शीट पडली हाय."

तिसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर काय उभं राहिलं म्हणता? छातीएवढ्या उंच लोखंडी घोड्यावर ट्रॅक्टरची शीट, पाय टेकायला आडवी पट्टी, पट्टीला सुतळीची गादी. त्यावर पटका बांधून हिंदुराव बसला. खालून लोक म्हणायचे, "काय गा, नांगरट कुठवर आली?" हिंदुराव वरून म्हणायचा, "तुझ्या डोईपतुर आली. सर बाजूला."

पहिले काही दिवस कठीण गेले, खोटं कशाला सांगू. गोळी काठावर आपटली, "उतरवा" म्हणून झालं, की हात आपोआप तोंडाकडे. मग आक्काताई शेजारी उभी राहू लागली. हात वर निघाला की नुसती खाकरायची. हिंदुराव गोळी पुन्हा काहिलीत टाकायचा. एकदा ती खाकरायच्या आधीच त्यानं गोळी टाकली आणि म्हणाला, "आता बस. तुझ्या घशाला औषध घ्यावं लागंल."

आणि गूळ? गुळाचा रंग तोच, कणी तीच. मालकाला फरक कळला नाही. जिभेची चाकरी गेली, कुणाचं काही अडलं नाही!

रेश्मा आठवड्याला फोन करायची, दर बुधवारी बरोबर जायची. आक्काताई रोज संध्याकाळी आरसा धरून तळवा बघायची, जखम बघायची, वहीत मांडायची. तीनशेचे अडीचशे झाले, मग एकशे ऐंशी, मग एकशे पन्नास. गुरुवारचा आकडा इतर दिवसांत मिसळून गेला. एका बुधवारी बाईंनी पट्टी सोडली आणि नवी बांधलीच नाही.

त्यांनी अंगठा दाबून बघितला, सगळीकडून फिरवून बघितला. म्हणाल्या, "हिंदुराव, हा पाय तुमचा. घेऊन जा घरी." मग सवयीनं विचारलं, "गोड खाता का?"

हिंदुराव सरळ बसला. "व्हय," तो म्हणाला. "काल एक गोळी खाल्ली. तिसऱ्या आदणाला, दुपारी. चाचणीची गरज न्हवती. आवाज इतका गोड आला की ऱ्हावलं न्हाई. वहीत लिवलीया."

बाई खुर्चीत मागे रेलून हसल्या, आक्काताई पदराआडून हसली. रेश्मानं मात्र वही उघडली आणि खरंच लिहिलंय का ते बघितलं. लिहिलं होतं. वेळेसकट.

त्या दिवशी संध्याकाळी शेवटच्या आदणाला हिंदुराव शीटवरून उतरला. नव्या मऊ चपला घातल्या होत्या, दवाखान्यानं मापानं करून दिलेल्या. काहिलीजवळ दोन्ही पायांवर उभा राहिला. फार वेळ नाही, एक काहिल उतरेपर्यंत. आक्काताई बघत होती. तिनं घशातून आवाज काढला नाही.

तर मंडळी, फसवत होता का तो स्वतःला? फसवत होता. खोटं बोलून नव्हे, तर जे रोज करतो त्याला मोजायचंच नाही, असं ठरवून. त्याला त्यातून बाहेर काढलं कुणी? दिवसभर शेजारी पोत्यावर बसलेल्या एका मुलीनं. देव भेटावा म्हणून आपण डोंगर चढतो. तो कधी कधी वही घेऊन दारात येतो आणि विचारतो, 'तुम्हाला काय हवंय?' त्याला आपण म्हणतो, 'डॉक्टर आहेस का?'

आता तुमचं बोला. तुम्ही सगळे म्हणता, 'आमचं खाणं अगदी मोजकं.' लग्नातली पंगत धरत नाही, कारण ते आग्रहाचं. नातवानं उष्टं टाकलेलं धरत नाही, कारण ते वाया जाऊ नये म्हणून. तपकीर, मिश्री, पान… ते तर खाणंच नव्हे. रात्री झोप नाही, त्याला आपण काळजी म्हणतो, आजार म्हणत नाही. कशाकशाला आपण कामाचं नाव देऊन ठेवलंय, ते आज घरी गेल्यावर एकमेकांना विचारा. रागावून नको. शेजारी बसून. आणि घरातलं कुणी दवाखान्याला जायला भीत असेल तर त्याला वाट सांगू नका, चप्पल घाला आणि बरोबर निघा.

आता हात जोडा, डोळे मिटा, ज्याला ज्याचं नाव गोड लागतं त्याचं नाव घ्या. त्या गोडाला पथ्य नाही.

आणि मागच्या रांगेतले आजोबा, मी बघतोय बरं. प्रसादाचा पेढा एकदा घेतलात. दुसऱ्यांदा हात पुढे केलात, तर तो प्रसाद नव्हे. तो पेढा.